खालाच्या खुंटीवरचं प्रस्थान

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टींना मी हसते. नात वाचून दाखवते आणि मी म्हणते, अगं, याला रात्री जड जेवण झालं असणार! मी जन्मभर नर्स होते. माणसं मरताना पाहिली, मेलेली धुतली, एकटीनं मुडद्याशेजारी बसून डबा खाल्ला. एकही भूत कधी "सिस्टर, पाणी द्या" म्हणत आलं नाही. त्यामुळे भुतंखेतं, भानामती, अंगात येणं... हे माझ्यापुढे बोलू नये, असा आमच्या घरात नियमच आहे.

पण एक गोष्ट आहे. ती भुताची नाही. ती माझ्या आईची आहे, आणि तिचं काय करायचं ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी बोलते, नात टाईप करते.

जालना, निजामाचं राज्य. आम्ही मूळचे राजूरकडचे, मेंढरं राखणारे. मेंढरं रोगानं गेली तसे दादा, म्हणजे माझे वडील, जालन्याला येऊन मिशनच्या दवाखान्यात बागेला पाणी द्यायच्या कामाला लागले. माझी आई, गयाबाई, त्याच दवाखान्यात बाळंत झाली आणि तिचं बाळ गेलं. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबाची मेम बाळंतपणात वारली. तिची मुलगी मात्र जगली. इकडे आईला दूध दाटून ताप भरलेला, तिकडे ते लेकरू भुकेनं ओरडू राह्यलेलं. साहेब स्वतः खाटेपाशी आले आणि त्यांनी ते लेकरू आईपुढे धरलं. आईनं ते पदराखाली घेतलं.

तिचं नाव एमी. आमच्याकडे ती यमी झाली. मी तेव्हा पाच वर्षांची, मला तर बहीणच मिळाली. यमी आईला "आय" म्हणायची, माझ्यासारखंच. ज्वारीची भाकर दुधात कुस्करून खायची, आणि झोपताना आईच्या पदराचं टोक मुठीत धरून त्याला पीळ घालत बसायची. पदर सोडवला की जागी! आईचे सगळे पदर त्या कोपऱ्याला चुरगळलेले असायचे. दादा म्हणायचे, "ह्या पोरीपाई लुगडं घ्यावं तं बिनपदराचंच घ्यावं."

सहा वर्षांची झाली तशी साहेबांनी तिला विलायतेला आपल्या आईकडे धाडलं. त्यांच्यात तशी रीतच होती. स्टेशनवर ती पदर सोडेना. कोण्या मेमनं तिची बोटं एकेक करून उकलली. गाडी गेल्यावर आई तिथंच फलाटावर बसली, आणि ती बोटं उकलताना आपण हात का धरला नाही, हे पुढे कित्येक दिवस स्वतःलाच विचारत राहिली.

मग आईनं जायचं ठरवलं.

हसू नका. तेव्हा मेमलोक तान्ही लेकरं घेऊन बोटीनं निघाले की वाटेत सांभाळायला आया नेत, आणि परत पाठवत. साहेब म्हणाले, "गयाबाई, अशी कोणी भेटली तर मी तुमचं नाव सांगतो. तिथं उतरलात की माझी आई तुम्हाला न्यायला माणूस पाठवेल." झालं! आईला तेवढं पुरलं.

साहेबांचं गाव फार जुनं, खेडंच म्हणा, पण वेस, बाजार, सगळं असलेलं. गावाचं नाव लांबलचक होतं, त्यातलं शेवटचं "बरी" तेवढं आईच्या तोंडात बसलं. एका सकाळी बागेत साहेबांनी काठीनं मातीत ते गाव काढून दाखवलं. दादांना त्या दिवशी तिथं पाणी सोडू दिलं नाही तिनं. मग रोज भाकरी थापताना तिचं सुरू – "टेसनातून निघाले की डाव्या अंगाला नदी. दगडी पूल. पूल उतरला की खांबावर उभा बाजार, शनवारचा. त्याच्या मागं चर्च, त्याचा कळस वाकडा हाये जरा. तिथून चढावर काळ्या लाकडाची घरं. गुलाब चढलेलं घर आपलं."

"आपलं?" दादा म्हणायचे. "आगं, दर्या ओलांडून जायचंय. राजूरच्या गणपतीला जाणं हाये का ते?"

"गणपतीलाबी पायीच जाते की मी."

"मंग दर्यातूनबी पायीच जातीस का काय!"

दवाखान्यातल्या कोणीतरी दिलेले काळे बूट घालून ती अंगणात चालायची प्रॅक्टिस करायची. कोंबड्या पळायच्या. मी हसून हसून लोळायचे. ती गंभीरपणे म्हणायची, "हस. तिथं बर्फात पाय गळून पडले तं मंग हस." ज्वारीचं पीठ, कुरडया, तिळाची चटणी असं सगळं बांधून ठेवलेलं. आणि एक इंग्रजी वाक्य साहेबांकडून घोकून घेतलेलं, "प्लीज, व्हेअर इज एमी?" त्यातही ती "यमी"च म्हणायची.

आणि खरंच योग आला. औरंगाबादच्या छावणीतली एक मेम लेकरू घेऊन निघाली होती, तिनं आईला घ्यायचं कबूल केलं. पण निघायचा दिवस नेमका अमावास्येचा! जोशीबुवा म्हणाले, काही हरकत नाही, आधी चांगला दिवस आहे त्या दिवशी प्रस्थान ठेवा.

आताच्या पोरांना हे माहीत नसेल. ज्या दिवशी निघणं शुभ, त्या दिवशी स्वतःला निघता येत नसेल, तर आपली एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधून, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपला प्रवास सुरू झाला. मग प्रत्यक्ष निघताना ते गाठोडं उचलून पुढं जायचं. एकदा ठेवलेलं प्रस्थान माघारी घरात मात्र आणायचं नाही.

आईनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या पदराचा, तांबड्या काठाचा, यमी पीळ घालायची तो कोपरा कापला. हे नीट लक्षात ठेवा, त्या कोपऱ्याला एक भोक होतं. यमी गेल्यावर एकदा आई चुलीपुढं तिचा विचार करत बसली आणि इंगळ पदरावर उडाला, त्याचं. मीच ते पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेलं, हिरवा दोरा घरात नव्हता म्हणून. आई म्हणाली, "हे यमीच्या हातात देईन." आणि ते त्या गाठोड्यात घालून तिनं वर निरगाठ मारली.

मावळतीला आमच्या शेजारी मेहबूबबी खाला राहायची. एकटी, तोंडानं तिखट. आईनं गाठोडं तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं ते डोळ्याला लावलं आणि चुलीपासून लांबच्या खुंटीला टांगलं. "गयाबाई की अमानत है. कोई हात नको लगाव," असं तिनं मलाच दटावलं, मी काही न करता.

आणि त्याच आठवड्यात विलायतेत लढाई सुरू झाली. मेमनं जाणं रद्द केलं. आयांना बोटीवर कोण घेतो मग!

आई रडली नाही. म्हणाली, "लढाई काय जलमभर चालती का? मी निघालेली हाये." गाठोडं खालाच्या खुंटीवरच राहिलं.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात, दुपारची वेळ, आई अंगणात सुपात ज्वारी निवडत होती. मी शेजारीच. एकदम ती थांबली आणि खांद्यावरून मागं पाहिलं, पदर कोणी ओढल्यावर बाई बघते ना, तसं. मागं कोणी नव्हतं. आई हळूच म्हणाली, "यमी रडू राह्यली." मग सूप खाली ठेवून भिंतीला टेकून बसली, एक हात जमिनीवर पसरून. पदराचं टोक त्या हाताखाली. मी म्हटलं, "आय, ऊठ, भाकरी करायच्यात." तर म्हणते, "थांब गं. हालले की जागी होईल."

दिवस कलेपर्यंत ती हलली नाही. पायाला मुंग्या आल्या असतील, मान अवघडली असेल. मग उठली आणि म्हणाली, "झोपली."

मी पदर पाहिला. टोकाला पीळ होता. पण मी नर्स आहे, मी असं म्हणते की बसल्या बसल्या तिनंच तो घातला असणार. हे मी अनुभवात धरत नाही.

काही दिवसांनी साहेब आमच्या दारात आले. टोपी हातात. ते आमच्या घरी कधी आले नव्हते. तार आली होती. यमी न्यूमोनियानं गेली होती, आणि दिवस तोच होता. साहेब आमच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जालन्यात दुसरं कोण होतं त्यांना, जिनं त्या पोरीला नागडी खेळताना पाहिलं होतं?

तरी आईनं जायचं सोडलं नाही! "कुठं निजवली ते तरी बघून येईन. साहेब म्हणत्यात, चर्चच्या मागंच हाये." बूट पुसून ठेवायची. नव्या सालचं पीठ बांधायची, जुनं गाईला घालायची. लोकांनी तिला खुळी म्हटलं. मीही कधी चिडून म्हटलं असेन.

लढाई संपल्यावर साहेब रजेवर घरी जाऊन आले. तेव्हा मी दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. परत आल्यावर ते आईला भेटायला आले, मी तिथंच उभी होते. इथून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

साहेब म्हणाले, "गयाबाई, तुम्ही तो तुकडा टपालानं पाठवलात, फार बरं केलं. माझ्या आईनं सांगितलं, एमीच्या मुठीत तो शेवटपर्यंत होता. तसाच तिच्याबरोबर पुरला."

"कसला तुकडा, साहेब?"

"लुगड्याचा. हिरवा, तांबडा काठ. कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेलं."

आई चप्पल न घालताच खालाकडे गेली, मागून मी, मागून साहेब. खालानं खुंटीवरून गाठोडं काढलं. वर धुराची पुटं बसलेली, गाठ इतकी घट्ट की आईच्या नखांना सुटेना, शेवटी खालानं दातानं सोडवली. फडक्याला एक भोक नाही, उंदराचा दात नाही. आत तांदूळ होते. सुपारी होती. हळकुंड होतं.

पदर नव्हता.

खाला कुराणाची शपथ घेऊ लागली. आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला, "माझा तुझ्यावर आळ न्हाई गं." मग साहेबांकडे वळून विचारलं, "पोरीनं काय इचारलं का, साहेब?"

साहेब म्हणाले, "ती विचारायची, आय कधी येणार. माझी आई सांगायची, निघाली आहे, वाटेत आहे."

"खोटं न्हाई सांगितलं त्यांनी," आई म्हणाली. "निघालेच होते." आणि तिथंच, खालाच्या चुलीपाशी, तिनं असा हंबरडा फोडला की गल्लीतले लोक धावून आले. "चिंधी पोचली गं... मीच तेवढी राह्यले!" यमी गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती.

गाठोडं तिनं परत बांधलं, खालानं परत टांगलं.

आई पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात गेली. साध्या तापानं. ते दिवस कसे होते, जाणत्यांना ठाऊक आहे. एका गल्लीतली हिंदू-मुसलमान माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. तिरडी खालाच्या घरावरून निघाली, मी दारातून बघत होते. दार उघडलं आणि खाला रस्त्यात येऊन उभी राहिली, हातात ते गाठोडं.

"ठैरो. इनका सामान मेरे कने है."

कोणीतरी ओरडलं, बाजूला हो म्हणून. दादा पुढं पाणी शिंपत चालले होते, ते मागं फिरले. त्यांनी तिच्या हातातून गाठोडं घेतलं, आईच्या उशाला ठेवलं, आणि माणसांना म्हणाले, "तिचंच हाये. आता निघाली ती."

तर अशी गोष्ट. तुम्ही विचाराल म्हणून सांगते, सगळं तपासून झालंय. खालानं पाठवलं म्हणावं तर तिला पत्ता माहीत नव्हता, लिहिता येत नव्हतं. साहेबांनी म्हणावं तर त्यांना रफूचं काय ठाऊक! यमीनं जाताना नेलं म्हणावं तर तेव्हा ते भोकच पडलं नव्हतं. रफू माझ्या हातचं आहे. मला आजही काही उलगडा होत नाही.

आणि लोक म्हणतात, किती सुंदर, आईची माया पोचली. मला ते ऐकवत नाही. मला राग येतो. जो कोणी ती चिंधी समुद्रापार घेऊन गेला, निरगाठ न सोडता, त्याला एवढं जमत होतं, तर मंग माझ्या आयला कामून नेलं न्हाई? कोणाला माहीत असेल तर सांगा.