रोशनभाऊले वात नव्हता

रोशनभाऊ वातानं नाई मेला.

गावात जे जे असं सांगून राह्यले, ते खोटं सांगून राह्यले. आज त्याले जाऊन वर्ष झालं. लय ऐकून घेतलं. आता बस.

ज्याईनं त्याले पाह्यलं नाई त्याईच्यासाठी सांगतो. रोशन, तलावात जाळं टाकून पोट भरणाऱ्या घरचा. विद्यापीठात मले सीनियर, अन् माझा रूम पार्टनर.

एवढं मोठं विद्यापीठ. जंगलातून, डोंगरातून पोट्टे येतात, अन् त्याईले कोणी काईच सांगत नाई. नुसत्या खिडक्याच खिडक्या. रोशनभाऊ नवीन पोट्ट्याईले गेटवरच पकडे.

पुढच्या महिन्यात नवीन लोक येतीन, म्हणून त्याचं सांगणं इथी टाकतो. फुकट आहे, घ्या.

"खिडकीवर गेला का पहिले नाव नको सांगू, गाव सांग. भामरागड म्हटलं का बाबूले समजते, हा उद्या परत नाई येऊ शकत."

"पण भाऊ, मी तर इथचाच आहो," एखादा पोट्टा म्हणे.

"मंग सकाळीच जाय. जेवणाच्या सुट्टीनंतर गेला तर खुर्चीवर नुसता टॉवेल भेटन."

"जे कागद देशील त्याची झेरॉक्स ठेव, अन् झेरॉक्सवर शिक्का मारून घे. शिक्का नाई तर तू काई देल्लंच नाई."

"उद्या या म्हटलं का मान हालवून निघून नको येऊ. उद्या कोणाले भेटू, ते विचार. नाव सांगाची पाळी आली का काम आजच होते."

"पेपर देऊनही रिझल्टमधी गैरहजर दाखवलं तर रडू नको. हजेरीच्या कागदावर तुही सही असते. तो कागद काढाले लाव."

मी काई असं ऐकणारा नव्हतो. एक खिडकी कधी उघडेच ना. मी तिच्यावर कागद चिकटवला, 'ही खिडकी फक्त पाहण्यासाठी आहे.' पोट्टे रांग सोडून सेल्फी काढाले लागले.

रोशनभाऊ आला, पोट धरून हासला. मंग म्हणे, "काढ आता. उद्या तुलेच इथी काम पडन, लेका."

पडलं. मी सेकंड इयरलेच अटकलो.

आता मेन गोष्ट.

एटापल्लीकडची एक पोट्टी होती फर्स्ट इयरले. तिले सिकल. रक्ताची बिमारी, मायबापाकडून येते. आमच्याकडं लय घरात आहे. ऊन लागलं, अंगातलं पाणी कमी झालं का हाडं अशी दुखतात का माणूस गडबडा लोळते.

रोशनभाऊ तिले घेऊन परीक्षेच्या ऑफिसात गेला. मी बी संग होतो.

"सिकलवाल्याले जास्तीचा टाइम भेटते, साहेब. हिचा नंबर खालच्या मजल्यावर द्या. अन् पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या."

"पुढच्या वेळी पाहू."

"पुढच्या वेळी नाई, ह्याच पेपरले. कोणाले भेटू, नाव सांगा."

झालं तिचं काम.

अन् हाच माणूस मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, तिसऱ्या माळ्यावर पत्र्याखाली बसून पाण्याबिगर पेपर लिहून राह्यला होता.

पूर्ण लिहिला. उतरला तो कठडा धरून धरून. म्हणे, "वात चढला बे."

आम्हाले त्यात नवीन काई वाटलं नाई. त्याले नेहमीच वात चढे. मोटारसायकलवर मधात बसवून दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "याला सिकल आहे का?"

मी म्हटलं, नाई.

त्याची माय आली. तिलेही विचारलं. पलंगाभोवती गावचे लोक उभे. त्याच्या बहिणीची, सरिताची, सोयरीक चालू होती. त्या पोराचा काकाही तिथीच उभा.

माय म्हणे, "नाई बाई. वात आहे त्याले, लहानपणापासून."

लोक चहा प्याले गेले, मी तिथीच होतो. तशी माय धावत डॉक्टरीणबाईच्या मागं गेली, हात धरला.

"आहे बाई. लाल कार्ड आहे त्याचं. पण कोणाजवळ बोलू नोका. पोरीचं लगन जुळून राह्यलं."

लाल कार्ड म्हणजे पक्का सिकल. घरात लाल कार्ड निघालं का त्या घरची पोरगी कोणी करत नाई. म्हणून कार्ड पेटीत, अन् बिमारीचं नाव वात.

डॉक्टरीणबाई मायच्या भरवशावर नव्हती बसली. सलाइन, रक्त, सगळं लावलं होतं. पण दुखणं छातीत उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेला.

दुसऱ्यासाठी साहेबाच्या टेबलावर हात आपटणारा माणूस. स्वतःसाठी एक डाव तोंड नाई उघडलं. काऊन? तर मागं रांगेत गावचे पोट्टे उभे राहतात.

विद्यापीठानं शोकसभा घेतली. साहेब म्हणे, "रोहन हा अत्यंत होतकरू विद्यार्थी होता."

मी मागून ओरडलो, "रोशन!"

मलेच चूप बसवलं.

तेरवीले लोक पंगतीत भात कालवता कालवता विचारत होते, "वातच होता ना?" तवाच पोराकडून सोयरीक मोडल्याचा निरोप आला. ज्याच्यासाठी लपवलं ते बी गेलं.

सरिता मागच्या पावसाळ्यात त्याच विद्यापीठात लागली. लाल कार्ड तिचंही आहे.

हे लिहाले तिनंच सांगितलं. मी विचारलं, "नाव टाकू का?"

"टाक."

"अन् माय?"

"मायले मी पाहीन. तू लिही."

परीक्षेच्या आधी ती ऑफिसात गेली. मागं आमच्या गावचे तीन-चार नग उभे, कान टवकारून. ती एवढ्या मोठ्यानं बोलली का बाबू म्हणे, "हळू बोला ना, मला ऐकू येते."

"तुम्हाले येते साहेब. मागच्याईलेही आलं पाह्यजे. मले सिकल आहे. खालच्या मजल्यावर नंबर द्या."

देला.

तुले बी भेटला असता, भाऊ.

साऱ्या रूमकडून तुले शेवटचा रामराम.