गणपती लगद्यात जात नाहीत

मुलांनो, बस हुमनाबादच्या चौकात थांबली तेव्हा लॉऱ्यांच्या धुरात समोरचा ढाबासुद्धा दिसेना. पर्यावरण वाचवायला निघालेल्या माझ्या भाचीने, सुनंदाने, कारखान्यासाठी नेमके हेच गाव निवडले आहे.

रद्दी हौदात भिजवून लगदा करायचा आणि साच्यात दाबून आंब्यांसाठी ट्रे बनवायचे, हा तिचा उद्योग. त्या दिवशी हैदराबादचे एक व्यापारी पाहणीला येणार होते. ऑर्डर मिळाली नाही तर शेडला कुलूप लागणार आणि तिथे काम करणाऱ्या बायका पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन काढायला जाणार. शेडमध्ये प्लास्टिक दिसता कामा नये, एवढीच व्यापाऱ्यांची अट.

आणि पत्र्याखालच्या दांडीला प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या लटकत होत्या!

रद्दीत लग्नपत्रिका फार. त्यांवरचे गणपती आणि बुद्ध कात्रीने कापून काढल्याशिवाय या बायका पत्रिका हौदात टाकत नाहीत. कापलेली चित्रे भिजू नयेत म्हणून या पिशव्या.

"रत्नाक्का, काढ ग त्या!" सुनंदा रडकुंडीला आली. (इकडे थोरल्या बाईला अक्का म्हणतात.)

"कामून काढायचं, ताई? ठिवू कुठं, हौदात? सायेब जाईल हैदराबादला, पाप ऱ्हाईल आमच्या डोक्यावर."

"माझ्या पदराखाली द्या," मी म्हणाले.

"आज्जी, तुमच्या पदरात किती देव मावतेत?" सगळ्या हसल्या. सुनंदा हसली नाही, कारण दारात मोटार थांबली होती.

व्यापाऱ्यांनी आल्या आल्या वर बोट दाखवले. "ये क्या है?"

"देव हायती," रत्नाक्का म्हणाली.

त्यांनी बूट काढले, हात जोडले. मग मोटारीतून मुलीच्या लग्नाची जाडजूड, चकचकीत पत्रिका घेऊन आले. "इसका बालाजी भी निकाल के रखो, अक्का. फेंकने को दिल नहीं होता."

रत्नाक्काने ती वाकवून पाहिली. "बालाजी काढते. पर बाकीची भिजायची न्हाई, सायेब. वरनं प्लास्टिक हाय की."

तरीही ऑर्डर मिळाली. जाताना त्यांनी सूचना केली, की माल वाटेत ओला होऊ नये, म्हणून प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवा. सुनंदाने मान डोलावली. सहा महिने शेड चालणार होती.

घरी परतल्यावर तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका सुनंदाला द्यायला काढल्या आणि नकळत कात्री शोधू लागले. पत्रिका आता आंब्यांखाली जातील. गणपती माझ्याजवळच आहेत, पिशवीत. कसल्या पिशवीत, ते विचारू नका.