कमलचा कान

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. सख्ख्या भावापाशी नाही, पोरांपाशी नाही — आणि जिच्यापाशी सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं, तिच्यापाशी तर नाहीच. आज बोलतो. तुम्ही निवांत बसा, चहा घ्या, कारण मला मुद्द्यावर यायला वेळ लागणार आहे. इतकी वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट एका दमात कशी निघेल?

आधी माझा थाट ऐका. पंचवटीत, कारंजाच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं रिपेअरिंगचं दुकान होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. इस्त्र्या, टेबलफॅन, मिक्सर, पुढे पुढे फ्रीजसुद्धा. पण मला कोणी रिपेअरवाला म्हणत नसे. 'कानवाले भाऊ' म्हणत. का? कारण मी मशीन उघडायच्या आधीच त्याचं दुखणं सांगायचो. गिऱ्हाइकाने मिक्सर टेबलावर ठेवला की तो चालू करायचा, लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक मोटारीवर आणि मूठ कानाला — डॉक्टर नळी लावतो ना, तसं. मग डोळे मिटायचे. घटकाभर थांबायचं. आणि सांगायचं, कार्बन झिजलेत. किंवा, बुश सुकलंय. उघडून बघितलं की तेच निघायचं. हरसूल-कळवणहून माणसं एसटीच्या टपावर पंखे टाकून आणायची, निम्मी तर नुसता तो सोहळा बघायला. एका फोटोग्राफरने मला त्या पोजमध्ये टिपलं, तो फोटो मी फ्रेम करून देवाशेजारी लावला. लाज सोडून सांगतो — भारी दिवस होते.

आता खरं सांगू? डोळे मिटल्यावर मला काय ऐकू यायचं?

घर्रर्र. नुसतं घर्रर्र.

हात माझा वाईट नव्हता, हो. वायरमनचा कोर्स केलेला, मोटारीच्या तारांचं वाइंडिंग भरावं तर मीच. पण आवाजातून आवाज वेगळा काढणं — ते मला कधी आलंच नाही. मी डोळे मिटून वाट बघायचो. आत पडद्यामागे माझी बायको कमल शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावत बसलेली असे. तिचं मशीन एकदा खटखट करून थांबलं, की कार्बन. दोनदा, की बुश. तीनदा, की वाइंडिंग जळालंय. आणि मशीन न थांबता लांबलचक चाललं, की यंत्र धडधाकट आहे, गिऱ्हाइकाच्या घरचा प्लग सैल असणार.

कळलं ना? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हा असा असतो.

कमल देवळ्याची. तिचे वडील विहिरींवरची इंजिनं नि मोटारी दुरुस्त करायचे, आणि आई नसलेली ही पोर दिवसभर त्यांच्या मागे मागे. ऐकून ऐकून तिचा कान तयार झालेला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एक टेबलफॅन तीनदा उघडला, तीनदा बंद केला आणि घामाघूम होऊन बसलो. ती पडद्याबाहेर आली, जरा वेळ ऐकत उभी राहिली आणि तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "हाऊ आवाज खोटा शे." मी हसलो. तिने ट्रंकेतून वडिलांचा लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला, माझ्या कानाला लावला आणि एकेका आवाजाची ओळख करून द्यायला लागली. हा कोरड्या बुशाचा, हा कार्बनचा, हा पातं घासल्याचा. रोज दुपारी, जेवणं उरकली की. दोन वर्षं तिने मला शिकवलं, आणि मी ढ तो ढच राहिलो. शेवटी शिलाई मशीन पायाने थांबवून खुणा करायची ती युक्ती तिनेच काढली, गंमत म्हणून. मला येईपर्यंत, दोन-चार महिन्यांपुरती. ती नऊ वर्षं चालली.

त्या नऊ वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली. पाटी रंगवायला टाकाल तेव्हा माझंही नाव घाला, म्हणाली. मी हो म्हणालो. पाटी दोनदा रंगवून आली. पहिल्यांदा मी पेंटरवर ढकललं, दुसऱ्यांदा जागा पुरली नाही म्हणालो. बायकोच्या जिवावर उड्या मारतो, असं कारंजावर कोणी म्हणेल की काय — ही भीती. म्हणजे खरं तेच कोणी म्हणेल की काय, याची भीती!

बरं, माझा एक नियम होता. मशीन दुकानातच आणा, मी कोणाच्या घरी येत नाही. लोकांना वाटायचं, केवढा हा मान! मान कसला? पडदा उचलून नेता येत नव्हता, एवढंच.

पण फ्रीज दुकानात कसा आणणार? गंगापूर रोडचे एक डॉक्टर स्वतः दारात येऊन उभे राहिले. फ्रीजमध्ये पेशंटांची इंजेक्शनं. दोन मेकॅनिक येऊन कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगून गेलेले. आता तुम्हीच, भाऊ. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी कमलला म्हणालो, पिशवी धरायला चल.

डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात घरचे सगळे जमलेले, पुढे त्यांच्या आई खुर्ची टाकून बसलेल्या. मी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. आतून हूंऽऽ असा आवाज यायचा, मग टक्, मग सगळं गप्प. परत हूंऽऽ, परत टक्. इथे कुठलं शिलाई मशीन आणि कुठला पडदा? मी डोळे मिटलेलेच ठेवले. फार वेळ ठेवले. डॉक्टरांच्या आई खाकरल्या. शेवटी मी एक डोळा उघडून कमलकडे बघितलं.

"कॉम्प्रेसर ठणठणीत आहे," कमल सगळ्यांसमोर म्हणाली. "जोर लावतोय बिचारा, पण सुरुवातीचा धक्काच मिळत नाहीये त्याला. रिले बघा."

मी मागची झाकणी काढून रिले बाहेर काढला. आत काळा ठिक्कर. सायकल मारत दुकानात गेलो, नवा आणला, बसवला. आणि काय सांगू — तो फ्रीज असा सुरू झाला, इतका मऊ, इतका एकसुरी, की मलासुद्धा तो आवाज कळला. घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती भरून आली. डॉक्टरांच्या आईंनी खुर्चीतून उठून कमलचा हात हातात घेतला आणि विचारलं, बाई, हे तुम्हाला कसं कळलं?

कमलच्या तोंडावर मी तसं हसू आधी कधी बघितलं नव्हतं. तिने बोलायला ओठ उघडले. आणि —

"मीच शिकवलंय तिला," मी म्हणालो.

झालं. तीन शब्द. हाच तो गुन्हा. दुसरा कुठला नाही.

येताना आम्ही सायकल हातात धरून चालत होतो. नदीवरच्या पुलापर्यंत ती पिशवी सांभाळत दोन पावलं पुढेच चालली. पुलावर म्हणाली, "शिकवलंत खरं. गप्प बसायला."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने मिक्सर ठेवला. मी डोळे मिटले. पडद्यामागे शांतता. कमल सुईदोऱ्याने हाताने फॉल लावत होती! मी ठोकून दिलं, कार्बन. निघालं वाइंडिंग. त्या आठवड्यात माझे चार अंदाज चुकले, कानवाल्या भाऊंचं पितळ उघडं पडायला आलं. आठव्या दिवशी तिने पडदा एका बाजूला सारला, स्टूल आणलं, माझ्याच टेबलाशी बसली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, इकडे द्या.

आणि मग जे झालं ना, ते सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायची तिला गरजच नव्हती. दारातून पंखा आत येतानाच सांगायची. पुढची पाटी तिनेच रंगवून आणली, 'कमल रिपेअरिंग'. नुसतं तेवढंच. बायका येऊ लागल्या, मग बायका शिकायला येऊ लागल्या. शिक्षिका, कारकुनांच्या बायका, खेड्यातल्या सुना. दुपारी पुढच्या खोलीत ओळीने बसून मिक्सर ऐकायच्या. एकीने देवळ्यात दुकान टाकलं, एक सातपूरच्या कारखान्यात मोटारी तपासायला लागली. सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर घडल्या, आणि मी आतल्या बाजूला बसून वाइंडिंग भरत होतो. इतका खूश मी त्या फोटोच्या दिवसांतही नव्हतो.

पण डॉक्टरांच्या घरातलं ते वाक्य आमच्याआधी पंचवटीत पोचलं होतं. दर गुरुपौर्णिमेला कमलच्या विद्यार्थिनी येतात. हार, नारळ, पेढे. आणि आधी माझ्या पाया पडतात. बाईंना शिकवलं ते भाऊंनी, म्हणजे गुरूंचे गुरू! कमल चहाचा ट्रे घेऊन उभी असते. माझ्याकडे बघते. दरवर्षी तेवढ्यापुरतं बघते. मी नारळ कपाळाला लावतो आणि फोटोशेजारी ठेवतो. पहिल्या वर्षी बोलता आलं असतं. दुसऱ्या वर्षीही. कारणं विचाराल तर ढीगभर आहेत, पण ती सांगणार नाही.

आत्ता ती बाहेर कोणाचा तरी मिक्सर चालवून ऐकते आहे. मी आतून ऐकतोय. मला अजूनही घर्रर्रच ऐकू येतं.

स्क्रू ड्रायव्हर तिच्या वडिलांचा. कान तिचा. मी तिला काही शिकवलं नाही. तिने मला शिकवलं, दोन वर्षं, रोज दुपारी, आणि मला ते आलं नाही. नारळ मात्र मी घेतले.