पुसण्याआधी

शहागडला हायवेलगत जुने कॉम्प्युटर विकणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. बोलताना तो माणसाकडे बघत नाही, स्क्रीनकडे बघतो. विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही प्रणाली शिकायला मला स्वस्तातला लॅपटॉप हवा होता. त्याने एक सुरू केला, तर एका मुलीचा हसरा फोटो आला.

"अपघातात गेली. बापानं विकला. लिनक्स टाकलं की समदं पुसलं जातंय," म्हणत त्याने तिच्या वडिलांना फोन लावला. "काका, फोटो काढून ठिवू का?"

"न्हाई. बघवत न्हाई बाबा," पलीकडून आवाज आला.

तरी त्याने सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून खणात ठेवले. तिथे तसे बरेच पेनड्राइव्ह होते.

"लोक नंतर मागायला येतात?" मी विचारलं.

"अजून तर कुणीच आलं न्हाई," तो म्हणाला आणि लिनक्स टाकायला लागला.