नापलाचा उभा पट्टा

नापला कुणाकडे मदत मागणारी नव्हे. नवरा समुद्रात बुडून गेला, तरी कार्ना गावाच्या खडकाळ किनाऱ्यावरचा आपल्या वाट्याचा समुद्रशेवाळाचा पट्टा ती दरवर्षी एकटीच विळ्याने कापायची आणि गठ्ठे दोरीने बांधून भरतीवर तरंगत आणायची. शेजारच्या पट्ट्याचा मालक बेअर्त्ल, त्याच्याशी तिचं हद्दीवरून वाजलं, तेव्हापासून दोघं चर्चमध्येसुद्धा एकमेकांकडे बघत नसत. मला विचाराल तर दोघंही सारखीच हट्टी.

यंदा टेकाडावरच्या हवा तपासणाऱ्या केंद्रातली आइला तिच्याकडे आली. ओहोटीला उघडं पडलेलं शेवाळ आयोडीन सोडतं, उन्हात त्याच्या वाफेतून हवेत नवे सूक्ष्म कण तयार होतात आणि पुरेसे वाढले तर त्यांच्यावर ढगही धरतो. हे तिला मोजायचं होतं. मे महिन्यातल्या मोठ्या ओहोटीपर्यंत पट्टा कापू नका, वर्षभराचं काम त्यावर अडलंय, म्हणाली.

"ढग? इथे पाऊस कमी पडतोय म्हणून?" नापला म्हणाली. पण शब्द दिला.

आमच्याकडे कुणाचा पट्टा इतक्या उशिरापर्यंत न कापता उभा राहिला, की माणूस आजारी आहे असंच धरतात. मग भांडण असलं तरी शेजाऱ्याने आधी तो कापायचा, मग स्वतःचा. मोठ्या ओहोटीच्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि बेअर्त्ल दोन्ही मुलांना घेऊन खाली उतरला. नापला दारात आली तोवर बराचसा पट्टा साफ झाला होता. त्यांना थांबवायला ती धावत किनाऱ्यावर गेली, पण पाण्याच्या कडेलाच थबकली. इतक्या वर्षांनी आपण होऊन आलेल्या माणसाला हाकलायचं कसं? तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात आइला धापा टाकत आली. कापायला कुणी सांगितलं, तिने विचारलं.

"मीच," नापला म्हणाली. "विसरले गं. म्हातारी झाले."

नापला काही विसरत नाही, हे बेअर्त्लइतकं कुणाला ठाऊक? त्याने विळा खाली ठेवला आणि आइलाकडून सगळं समजून घेतलं.

"पोरी, माझा पट्टा अजून तसाच आहे," तो म्हणाला. "तुझी यंत्रं तिकडे लाव. आज मी त्याला हात लावत नाही."

आइला यंत्रं आणायला पळाली. नापलाने डोळे पुसले.

"उद्या तुझा कापायला मी येते," ती त्याला म्हणाली. "गुडघे धरलेत माझे, हळूच कापेन. घाई केलीस तर विळा टाकून निघून जाईन."

बेअर्त्ल बरं म्हणाला.