येळवशीला मागं राहणारा माणूस

आमच्या गल्लीतले किसनदादा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. डेपोतले एक ड्रायव्हर वर्गाच्या दाराशी आले आणि चपला काढून उभे राहिले. एस.टी.चा माणूस शाळेत येऊन असा अनवाणी उभा राहतो म्हणजे काय, ते मला तिथंच समजलं होतं. तरी उगाच विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "सोलापूरला नेता नेताच गेले, बाई. तुळजापूरबी गाठलं न्हाय." मी पोरांना पाढे म्हणायला सांगितलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले... दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

त्याआधी सरकारी दवाखान्यात भेटले होते, तेव्हा त्यांना धड बोलवत नव्हतं. धाप लागत होती. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, औंदा येळवस कधी हाय?" मी म्हटलं, "लांब आहे अजून, दादा. तोवर घरी याल तुम्ही." त्यांचा सगळा जन्म कंडक्टरकीत गेलेला. पोराचं वय चोरून सांगणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमचं उस्मानाबाद ओस पडतं. ज्याचं रान, म्हणजे शेत, आहे तो बायकापोरांसह रानात जातो, ज्याचं नाही त्याला कुणीतरी हाताला धरून नेतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, मग ताकातली आंबील, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि संध्याकाळी जड पोटानं घरी. त्या दिवशी गल्लीत कुलपं आणि शेळ्या, एवढंच काय ते उरतं.

मी या गल्लीत लग्न होऊन आले ती बहात्तरच्या दुष्काळात. सावली म्हणून नव्हती. होती नव्हती ती झाडं लोकांनी ओरबाडून जनावरांपुढे टाकली होती, आणि त्यांना बोल तरी कसा लावायचा? पुढं पाऊस बरा झाला तसे किसनदादा लोहारा गावच्या एस.टी.तून कडुलिंबाची रोपं आणायला लागले. आपल्या सीटमागं उभी करून, गोणपाटात गुंडाळून. मी एकदा चिडवलं, "तिकीट फाडलं का यांचं?" तर म्हणाले, "पाच वर्साच्या आतल्यांना तिकीट न्हाय, बाई." मग घरोघर फिरून त्यांनी प्रत्येक दारापुढे एकेक रोप लावलं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि सगळ्यांना गोड बोलून कामाला जुंपलं. भांडी विसळलेलं पाणी मोरीत न सोडता झाडाला घालायचं, आणि दिवसा राखणीला पाळीपाळीनं एका घरानं बसायचं. कुरकुर सगळ्यांनी केली, सगळ्यात जास्त माझ्या सासूबाईंनी, पण पाणी कुणी चुकवलं नाही. वर्षभरात रोपं गुडघ्याच्या वर आली. आणि मग येळवस आली. त्या दिवशी पाळी कुणाची, हे विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. किसनदादा ड्यूटीवर होते. आम्ही रानातून गात, हसत परत आलो तर कुंपणं पडलेली, आणि शेळ्या निवांत रवंथ करत बसलेल्या. एक पान शिल्लक नव्हतं. सासूबाई तिथंच फतकल मारून रडल्या.

दादांनी पुन्हा रोपं आणली. त्या वर्षापासून येळवशीला गल्लीत मागं राहायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. त्या दिवशी डेपोत रजेला झुंबड. साहेब त्यांना म्हणाले, "किसन, तुला कुठं रान हाय रं?" दादांचं घर बौद्ध. वडील दुसऱ्याच्या बांधावर राबले, स्वतःची जमीन कधी नव्हतीच. दादा म्हणाले, "हाय की साहेब. गल्लीत हाय." रजा मिळाली. दिवसभर ते एकटे काठी घेऊन शेळ्या हाकत बसले. संध्याकाळी परतणाऱ्या प्रत्येक घरानं त्यांच्या पितळी चरवीत आपली आंबील ओतली. त्या पहिल्या वर्षी काहींनी ती लांबून, वरून ओतली, हेही मी पाहिलंय. पुढं तीच माणसं त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसायला लागली. सगळ्या घरांची आंबील एका चरवीत. दादा म्हणायचे, "अशी चव कुणाच्या रानात न्हाय."

झाडं मोठी झाली. उन्हाळ्यात बाया सावलीत शेवया करायला लागल्या. त्याच वर्षांत गल्लीच्या आतल्या चौकात दूध संस्था उभी राहिली. दुष्काळानं होरपळलेल्या घरांत म्हशी आल्या, हातात पैसा खेळायला लागला. चांगलंच झालं, वाईट कसं म्हणू? पण दुधाचा ट्रक आत येईना. फांद्या लागायच्या, वळायला जागा नव्हती. ट्रक आला नाही तर दूध नासणार. चेअरमन आमच्या गल्लीतलाच बाळू. लहानपणी याच झाडांना पाणी घातलेला. बैठकीत त्यानं मान खाली घालून झाडं तोडायचं काढलं आणि एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. किसनदादांकडे म्हैस नव्हती, ते सभासदही नव्हते. तरी बाळूनं विचारलं, "दादा, तुमी सांगा." दादांनी वर गेलेल्या हातांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "संस्था आपली, झाडंबी आपलीच. न्हाय तरी कुनाला म्हनू?"

झाडं तोडली त्या दिवशी फांदी कुणाच्या पत्र्यावर पडू नये म्हणून दोर ओढून धरायला माणूस हवा होता. दादा धरून उभे राहिले. शेवटच्या झाडापर्यंत. कुणी त्यांना घरी पाठवू शकलं नाही, मीसुद्धा नाही. वाचलं ते फक्त त्यांच्या दारातलं, कारण तिथवर ट्रक जात नाही. त्यानंतरही दर येळवशीला ते रजा काढून त्या एका लिंबाखाली बसायचे. खोड कवेत न मावणारं झालेलं. त्याला शेळी काय करणार? पण हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

परवा येळवस झाली. घरचे रानात गेले, मी गेले नाही. दादांच्या ओट्यावर बसले. दोन शेळ्या आल्या, हाकलल्या. वहिनींनी, दादांच्या बायकोनं, चरवी घासून पालथी घालून ठेवली होती. संध्याकाळी माणसं परतायला लागली आणि सवयीनं एकेक जण ओट्यापाशी थांबत गेला. हातात आंबिलीची भांडी. शेवटी बाळू पुढं झाला. त्यानं चरवी सुलटी केली, ओतली. मग सगळ्यांनी ओतली. भरून ती ओट्यावर सांडायला लागली तशा वहिनी दारात आल्या. चरवीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"आता एवढ्याचं म्या काय करू?" त्या म्हणाल्या.

सगळी गल्ली तिथं उभी होती.