दुसऱ्यांच्या नावाच्या सुया

सोनगीरच्या भटूला सुईची भीती म्हणून ठाऊक नव्हती, आणि त्याच एका गुणानं त्याची वाट लागली.

अडतीस सालच्या चैत्रात सरकारनं फर्मान काढलं, की धुळ्याला देवीच्या जत्रेत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचल्याचा दाखला असेल त्यालाच सोडणार. सुईच्या नावानं गावानं दारं लावून घेतली. भटू मात्र विंचू दिसला तर आधी हात घालणारा गडी. तो चार वेगवेगळ्या गावांत टोचणीला गेला, दर वेळी दुसरंच नाव सांगून दंड पुढे केला आणि चार दाखले आणले. दोन शेजारच्या म्हाताऱ्यांचे, एक बहिणीचा, ताईबाईचा, तोही तिचं लुगडं नेसून, पदर ओढून मिळवलेला, आणि एक तिच्या नवऱ्याचा, जीवरामचा. ताईबाईला सात वर्षांनी मुलगा झाला होता. त्याचं जाऊळ देवीपुढे मामाच्या मांडीवर काढायचं, असा तिचा नवस होता. सुईला ती तयार नव्हती. म्हणे, अंगावरचं दूध आटतं.

स्वतःचा दाखला भटूनं आणलाच नाही. देवीची लस टोचल्याचे वण दाखवले की शिपाई सोडतात, तसंच हेही असणार, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दंडावर चार टोचे असताना कागद कशाला हवा?

जत्रेच्या नाक्यावरून चौघे आत गेले, पोरही गेलं. भटू अडला.

"मना हात देखा ना साहेब!"

नाक्यावरच्या सरकारी डॉक्टरांनी सुजलेला दंड निरखला. "चार? कुणाकुणाच्या नावानं घेतल्यास?"

खरं बोलावं तर आत गेलेले चौघे धरले जाणार. "गांधील चावनी, साहेब," भटू पुटपुटला.

डॉक्टरांनी पाचवी सुई टोचली. "ही लागू पडायला सहा दिवस. मग दाखला. तोवर त्या लिंबाखाली बस."

म्हातारे दर्शन घेऊन घरी गेले. ताईबाई रोज सकाळी नाक्याच्या कठड्याशी, आतल्या बाजूनं, यायची.

"ताई, तू घर जाय."

"तुना मांडीबिगर जाऊळ कसं निघी, भाऊ? मी आठेच शे," म्हणून ती जत्रेतच थांबली.

तिच्याजवळ कागद आहे, सुई नाही, हे भटूला क्षणभर विसरता येत नव्हतं. पण सांगणार कुणाला? तोंड उघडलं, की जीवराम कठड्यातून हात घालून त्याचा सुजलेला दंड आवळायचा. "चूप ऱ्हाय. बठ्ठं गाव तुरुंगात जाई."

चौथ्या दिवशी सकाळी जुलाब-उलट्यांनी गळालेल्या ताईबाईला खाटेवर घालून नाक्यावरच्या तंबूत आणलं. डॉक्टरांनी तिचा दाखला वाचला. "हिला टोचलेलं आहे. ही पटकी नव्हे. जत्रेतलं काही बाधलं असेल." एक पुडी देऊन ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

भटूनं जीवरामकडे पाहिलं. जीवराम खाली बघत होता. दुपार कलेपर्यंत भटू गप्प राहिला, आणि तेवढ्या वेळासाठी त्यानं स्वतःला जन्मभर माफ केलं नाही. मग तो ओरडला, "कागद तिना शे, साहेब! सुई मी लिधी!"

डॉक्टर धावत आले. शिरेतून मिठाचं पाणी चढवायला त्यांनी तिचा हात धरला, पण शीर सापडेना. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

डॉक्टरांनी कुणाला धरून दिलं नाही. सहाव्या दिवशी त्यांनी भटूच्या हाती त्याच्या स्वतःच्या नावाचा दाखला ठेवला. भटू पोराला घेऊन नाक्यातून आत गेला. कुणी अडवलं नाही. देवीपुढे मांडी घालून तो बसला आणि न्हाव्यानं वस्तरा चालवला. पोर दुधासाठी रडत होतं.